जनाबाईचं सुतक

तार आली की आधी पोस्टमनला बाजूला घ्यायचं, घरात कोण कोण आहे ते बघायचं आणि मग आडोशाला जाऊन ती फोडायची, एवढी अक्कल वडगावातल्या शेंबड्या पोरालाही होती. अंबाजोगाईच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या गहिनीनाथला ती नव्हती. त्याने ओट्यावर उभं राहून तार फोडली आणि वर्गात हजेरी घ्यावी तशी मोठ्याने वाचली. आधी इंग्रजीत, आणि कोणी विचारायच्या आत मराठीत.

"जनविएव्ह लाकोंब मंगळवारी पॅरिसला वारल्या. तुम्हाला कळवावं अशी त्यांची इच्छा होती. खाली प्रकाशकाचं नाव हाय."

ओसरीत त्याची आजी बायनाबाई ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"कोण गेलं रे?"

"जनाबाई गेली, मोठीमाय."

बायनाबाईने सुपातली ज्वारी पाटीत ओतली, सूप भिंतीला टेकवलं आणि आत हाक दिली, "छबू, रांजणात पाणी किती हाय बघ. समद्यांला आंघोळीला लागंल."

टँकर काल येऊन गेला होता आणि आता परवाशिवाय येणार नव्हता. पिण्याचं पाणीसुद्धा झाकून ठेवायचे दिवस होते. तरी छबुबाईला सासूचा हुकूम लगेच कळला. तिच्या नवऱ्याला, अर्जुनरावांना, तो कळायला थोडा वेळ लागला, कारण ते आरशासमोर उद्याचा फेटा बांधून बघत होते.

उद्या सकाळी कारखान्याचं बॉयलर पहिल्यांदा पेटायचं होतं. त्या कारखान्याच्या शेअरसाठी अर्जुनरावांनी केज तालुक्यातलं एक गाव सोडलं नव्हतं, एका म्हाताऱ्याच्या पाया पडायचं बाकी ठेवलं नव्हतं. आता ऊस वाळून चिपाड झाला होता, पण बॉयलर पेटणार होतं, आणि पूजेला बसायचे होते चेअरमन अर्जुनराव आणि सौभाग्यवती. व्हाइस चेअरमन त्रिंबकराव त्यांचा चुलतभाऊ. पूजेचा मान वयाने मोठ्याचा, असं तो दसऱ्यापासून सगळीकडे सांगत फिरत होता. संचालकांत दोघांची माणसं जवळजवळ सारखी होती. मधे एकटा आसाराम लटकत होता, आणि ज्याच्या हातून बॉयलर पेटेल त्याच्याकडे तो जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. आसाराम माणूसच तसा. देवाचा कौल बघितल्याशिवाय बैलसुद्धा विकत घ्यायचा नाही.

आणि सुतकातल्या माणसाला पूजेला बसता येत नाही. ती सत्यनारायणाची असो की बॉयलरची.

अर्जुनराव अर्ध्या बांधलेल्या फेट्यानिशी बाहेर आले. "माय, आंघोळ कशाची?"

"घरची लेक गेली. आंघोळ नगं?"

"लेक?" अर्जुनराव हसले. "आगं, ती फ्रान्सची बाई. पेपरवाली. चार दिवस ऱ्हायली म्हणून काय लेक झाली व्हय?"

"आन ओटी कोणी भरलीती तिची? तुझ्या सासूनं?"

ओटीची गोष्ट खरी होती. नाकारता येण्यासारखी नव्हती, कारण अर्धं गाव तेव्हा अंगणात उभं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात ती केजहून एसटीने आली. खाकी पँट, पुरुषी बूट, हातात टाईप करायची मशीन. दुष्काळाच्या कामावर बायका खडी फोडत होत्या, त्यांच्यावर पॅरिसच्या पेपरात लिहायचं म्हणून दसऱ्याला आली आणि आठ दिवस म्हणता म्हणता उन्हाळा काढून गेली. नाव कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून आठवड्याभरात जनाबाई झाली. सुरुवातीला हातवारे, मग मोडकं हिंदी आणि शेवटी थेट वडगावची मराठी, शिव्यांसकट. बायकांबरोबर उन्हात बसून खडी फोडायची आणि हाताला फोड आले की ते सगळ्यांना दाखवत हिंडायची. लहानगा गहिनीनाथ तिच्या मागे मागे फिरून इंग्रजी शिकला.

दिवसभर लिहायची आणि संध्याकाळी बायनाबाईच्या चुलीपाशी बसायची. तिथे तिने आपलं सगळं सांगितलं होतं. बाप डोंगरातल्या गावात मेंढरं राखायचा. तिने पोरवयात पॅरिस गाठलं, पेपरच्या कचेरीत दुसऱ्यांचं लिहिलेलं टाईप केलं, आणि एकदा गिरणीतला संप बघून आली तो स्वतःच लिहून साहेबाच्या टेबलावर ठेवला. साहेबाने छापला. मग लढाया, भूकंप, कुठे कुठे धाडलं तिला. पुढे कादंबरी लिहिली, आपल्या आईच्या घरावर. बापाचं पिणं, आईचं मार खाणं, भावांचं गप्प बसणं, सगळं लिहिलं. पुस्तकाला मोठं बक्षीस मिळालं आणि माहेर गेलं. आई मेली तेव्हा भावांनी तिला दारात उभं केलं नाही. मातीला लांबून, रस्त्याच्या कडेने गेली.

हे बायनाबाईने ध्यानात ठेवलं. जनाबाई निघाली त्या दिवशी तिने तिला पाटावर बसवलं. घरात ना तांदूळ ना गहू. रेशनवर आलेला तांबडा मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी होती, तीच ओटीत घातली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "हे तुझं माहेर. कवाबी ये." जनाबाई पँटवरच नेसवलेलं लुगडं सावरत ढसाढसा रडली. पुढे ती चार-दोन वर्षांनी येत राहिली. दर खेपेला केस जास्त पांढरे आणि पुस्तक नवं.

राधाकिशन, अर्जुनरावांचा धाकटा भाऊ, फटफटीवरून आला तेव्हा प्रकरण इथवर आलं होतं. कारखान्यावरच्या मांडवाचं, लाडवांचं, गुरुजींचं सगळं तोच बघत होता. अडचण निघाली की वाट काढायची, ही त्याची घरातली नोकरीच. त्याने ऐकून घेतलं, बूट काढले आणि आईजवळ बसला.

"माय, सुतक कोणतं धरायचं ते तरी ठरव. दिलेल्या लेकीचं तीन दिवसाचं आसतंय. हिला दिली कुठं आपण? कोणत्या गावाला दिली? लगीन तर आपल्या दारात झालंच न्हाई."

"म्हंजी दिलेली लेक न्हाई म्हणतूस?"

"न्हाईच की."

"मंग घरातली झाली. धा दिस धरावं लागंल."

अर्जुनरावांनी राधाकिशनकडे असं बघितलं की तो उठून पाणीच प्यायला गेला. परत आला तो घाईघाईने सांगतच, "दोन लग्नं झालतीत तिची, दोन! मलाच बोललीती."

"मग तीन दिस," बायनाबाई म्हणाली.

गहिनीनाथला हसू आवरेना. अर्जुनरावांनी, त्याच्या बापाने, ते बघितलं.

"हसतोस काय बे? तुझ्यापायी झालंय हे समदं! तार आतमंदी नेऊन वाचली आसती तर? ऐकल्यापासून सुतक लागतंय. परवा ऐकली आसती. जनाबाईला काय फरक पडणार हुता?"

"आबा, मी लपवून ठेवायला पाहिजे होतं का?"

"एक दिवस! एक दिवसानं काय झालं आसतं?"

छबुबाई दारात उभी होती. 'एक दिवसाने काय होतंय', हे शब्द तिने या घरात आधी ऐकले होते. तिने सासूकडे बघितलं. बायनाबाई हाताला लागलेला कोंडा झटकत होती.

अर्जुनरावांचा आवाज चढला. "मानलेली बहीण म्हंजी काय रगताची हाय? कुणी इचारलं तर सांगीन की, आमच्या घरी उतरलीती, पाहुणी हुती."

"ते आता तालुका ऐकणार नाही, आबा," गहिनीनाथ म्हणाला. "शेअरच्या टायमाला तुमी पत्रक काढलं होतं. त्याच्यावर भाऊबीजेचा फोटो कुणाचा होता? जनाबाई तुम्हाला ओवाळतीय. खाली छापलं होतं, अर्जुनरावांची फ्रेंच भगिनी. त्रिंबककाकांनी ते पत्रक फ्रेम करून ठेवलं आसंल."

हे अर्जुनरावांना झोंबलं, कारण खरं होतं. भाऊबीजेला जनाबाईने ओवाळलं तेव्हा त्यांनी तिला साडी घातली होती आणि फोटोवाल्याला मुद्दाम केजहून आणला होता. वडगावहून परत गेल्यावर तिने लिहिलेली कादंबरीही त्यांनी सोडली नव्हती. सभेत भाषण करताना ते पुस्तक हातात धरून उंच करायचे, 'आमच्या घरावर पॅरिसला पुस्तक निघालं,' म्हणायचे, आणि लोक टाळ्या वाजवायचे. आत काय आहे ते त्यांनी कधी विचारलं नाही. फ्रेंचमधलं पुस्तक, विचारून करणार काय?

राधाकिशनने अजून एक वाट काढली. "केजच्या गुरुजींना इचारून येतो. शास्त्रात मानलेल्या लेकीचं सुतकच नसंल. मंग तर तुला काय म्हणणं न्हाई ना, माय?"

बायनाबाईने वर बघितलं. आवाज चढवला नाही. तिचा आवाज चढलेला कोणी ऐकलाच नव्हता.

"जा, इचार. आन हेबी इचार की पोटची लेक मेलेली म्हाईत आसून तिच्या मायला पुरणाचं जेवाया घालतेत, त्यांला शास्त्रात काय हाय."

राधाकिशन जागचा हलला नाही.

त्याच्याच लग्नातली ती गोष्ट. हळद लागली होती, वऱ्हाड दारात होतं आणि अंबाजोगाईकडच्या गावाहून माणूस आला की भिवरा बाळंतपणात गेली. भिवरा, या दोघांची बहीण. त्या माणसाला गोठ्यात बसवून ठेवला. बापाने ठरवलं की लग्न उरकू द्यायचं, आणि थोरला म्हणून अर्जुनरावांना सांगितलं, तुझ्या आईला कळता कामा नये. एक दिवसाने काय होतंय? एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. नवरी घरात आली, देवीचा गोंधळ झाला, वऱ्हाड जेवून गेलं. बायनाबाई विहिणींबरोबर हळद खेळली, उखाणे घेतले, लेक का आली नाही म्हणून जावयाच्या नावाने बोटं मोडली. मग तिला सांगितलं. तेव्हा बाप म्हणाला की आपण ऐकल्याला तीन दिवस झाले, सुतक सरलं, नव्या नवरीसमोर रडारड नको. भिवराच्या नावाने या अंगणात पाण्याचा तांब्यासुद्धा ओतला गेला नाही. नंतर तिचं नाव घ्यायचीच पद्धत मोडली.

"जुनं कावून काढतीस, माय?" अर्जुनराव म्हणाले. पण खाली बघून म्हणाले.

"मी कुठं काढलं? मी कवाच न्हाई काढलं. जनाबाईला एकदा सांगितलं, चुलीपाशी बसून. ती पैली जी माझ्यासंगं रडली. तुमच्यातलं कोण रडलं?"

गहिनीनाथने आता बोलायला नको होतं. पण तो बोलला. "आबा, त्या पुस्तकात तेच हाय. हळदीचं घर, आसं नाव हाय त्याचं. मी इंग्रजीतलं मिळवून मोठीमायला वाचून दाखवलं. घरात लगीन आन लेक मेलेली, ती तिच्या आईपासून लपवलेली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तेच."

अर्जुनराव खाटेवर बसले. तालुक्यात गावोगाव, मारुतीच्या पारावर, शाळेच्या पटांगणात त्यांनी ते पुस्तक डोक्यावर धरलं होतं. फेट्याचा सुटलेला पदर त्यांच्या मांडीवर पडला, तो त्यांनी गुंडाळायला घेतला आणि तसाच सोडून दिला. मोठा राग आला त्यांना. जनाबाईचा आला, पोराचा आला, पण तो कुठे टेकवावा ते कळेना.

"तिच्या भावांनी तिला टाकलं," बायनाबाई म्हणाली. "ही तारबी कुणा छापखान्यावाल्यानं धाडली, भावांनी न्हाई. तिथं तिचं सुतक धराया कोणी न्हाई. हितंबी नगं? मंग ओटी कशाला भरलीती मी? फोटू काढाया?"

"माय, एक पूजा होऊ दे. उद्या दुपारी आलो की सगळे आंघोळ करू. माझी आण. आजवर समदी धडपड केली ती काय त्रिंबकच्या हातनं बॉयलर पेटवाया?"

ते खरोखर विनवत होते. आणि खरं सांगायचं तर त्यांचंही चुकत नव्हतं. त्रिंबकने एकदा खुर्ची धरली की तो ती सोडणारा नव्हता.

छबुबाई आत गेली. पलंगावर उद्याची पैठणी काढून ठेवली होती. असली साडी तिने जन्मात नेसली नव्हती आणि सकाळपासून दहादा हात फिरवून बघितली होती. तिने ती घडी करून पेटीत ठेवली. भिवरा तिची नणंद, पण त्याआधी मैत्रीण. तिच्या बाळंतपणाला घोंगडी, बाळंतविडा, सगळं छबुबाईनेच बांधून ठेवलं होतं. त्या लग्नात अर्जुनरावांनी तिला कानात सांगितलं आणि वर धमकावलं. तीन दिवस ती सासूच्या ताटात पुरणपोळी वाढत होती आणि तूप ताटाबाहेर सांडत होतं. बायनाबाईने विचारलंही होतं, 'छबू, ताप आला का तुला?'

तिने रांजणात तांब्या बुडवून भरला, अंगणातल्या धोंड्यावर बसली आणि लुगड्यासकट डोक्यावरून ओतला. मग दुसरा.

"आगं, काय केलंस!" अर्जुनराव ओरडले.

"आंघोळ केली. नणंद गेली माझी."

जोडीने बसायची पूजा. आता जोडीतली एक सुतकात. राधाकिशनने डोक्याला हात लावला. बायनाबाई उठली, सुनेच्या शेजारी बसली आणि तिनेही पाणी घेतलं. गहिनीनाथ चष्मा काढून रांगेत उभा राहिला. सुतकात ज्यांनी पाणी घेतलं ते एका बाजूला झाले, कोरडे दुसऱ्या बाजूला. कोरडे दोघंच उरले.

त्या दिवशी चूल पेटली नाही. धुळाजी धनगराची रतनबाई पाटीत पिठलं-भाकरी घेऊन आली. सुतकाच्या घरी शेजारच्यांनी द्यायची असते. जनाबाई खडीवर तिच्याच जोडीला बसायची. ती दारातून रडत आली आणि गावाला सांगायचं काही राहिलं नाही.

सकाळी जीप दारात लागली. राधाकिशनने वाट काढलीच होती. बायको नसली तर तिच्या जागी सुपारी ठेवून पूजेला बसता येतं. सुपारी त्याच्या खिशात होती. आणि अर्जुनरावांनी पाणी घेतलेलं नव्हतं. ते मळ्यात निजले, घरच्या अन्नाला शिवले नाहीत, तेव्हा त्यांना सुतक लागलंच नाही असं सांगता येणार होतं. गुरुजींनीही हो म्हटलं होतं.

अर्जुनराव फक्त कपडे घालायला घरी आले. पांढराशुभ्र सदरा, नवं धोतर, फेटा. कोणी अडवलं नाही. छबुबाईने खुंटीवरचा रुमाल काढून दिला. ते ओट्यावर आले तेव्हा बायनाबाई अंगणात होती. रांजण तिरपा करून तळातलं पाणी तांब्यात घेत होती.

"जातो, माय."

"जा. नीट बस. धूर डोळ्यात जाईल, सांभाळ."

टोमणा नव्हता तो. तिला खरंच काळजी होती, आणि त्यानेच अर्जुनरावांचं पाऊल अडलं.

"पाणी कशाला काढतीस? काल झाली की आंघोळ."

"ती जनाबाईची झाली," बायनाबाई म्हणाली. "ही भिवराची."

तिने नाव घेतलं. या अंगणात कितीतरी वर्षांनी ते नाव मोठ्याने आलं. जीपचं इंजिन चालू होतं. राधाकिशन पुढच्या सीटवर बसला होता, त्याने ऐकलं आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.

अर्जुनराव उभेच राहिले. त्यांना भिवरा आठवली ती लहानपणची, त्यांच्या पाठीवर बसून ओढा ओलांडणारी, कान धरून 'उजवीकडं, उजवीकडं' ओरडणारी. तिच्या सासरहून निरोप घेऊन आलेला माणूस गोठ्यात बसून होता तेव्हा त्याला भाकरी नेऊन दिली होती त्यांनीच. तो जेवत नव्हता आणि हे त्याला जेव, जेव म्हणत होते.

"माय, ते पाणी दे."

"तुला जायचं हाय न्हवं?"

"दे म्हणतो ना."

ते धोंड्यावर बसले. फेटा काढून बाजूला ठेवला, सदरा मात्र काढायचा राहिला. बायनाबाईने तांब्या त्यांच्या डोक्यावर रिकामा केला. पाणी गार होतं, आणि चेअरमन अर्जुनराव 'भिवरे, भिवरे गं' करत मोठमोठ्याने रडायला लागले. राधाकिशन जीपमधून उतरला. खिशातली सुपारी त्याने ओट्यावर ठेवली आणि भावाच्या पाठीमागे येऊन बसला. रांजणात गाळाचं पाणी उरलं होतं, बायनाबाईने ते त्याला घातलं.

थोड्या वेळाने कारखान्याचा भोंगा ऐकू आला. बराच वेळ वाजत राहिला. त्रिंबकराव बसला असणार, आणि आसाराम त्याच्या शेजारी. अर्जुनरावांनी ऐकलं. तोंडावरून हात फिरवला.

रतनबाई भाकरीची पाटी घेऊन दारात आली तर अंगण ओलं, दोघं भाऊ निथळत बसलेले आणि थोरल्याच्या अंगावर नवा सदरा चिकटलेला. टँकर यायला अजून एक दिवस होता. तिला काही उमगेना.

"काल झाली की समद्यांची आंघोळ," ती छबुबाईला म्हणाली. "आज परत कावून, वैनी?"

छबुबाईने तिच्या हातातली पाटी घेतली.

"माझी एक नणंद ऱ्हायलीती," ती म्हणाली.